कोर्बा टाकला म्हणजे नेटवर्क सांभाळायला माणूस लागत नाही?

बेळगाव-निपाणी भागातल्या पतसंस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मतलब असा: 'कोर्बा हे नवीन मिडलवेअर सर्व्हरवर टाका. विंडोज, लिनक्स, जुनं युनिक्स, कुठल्याही कंपनीचे स्विच-राउटर, सगळं एका स्क्रीनवर. एसएनएमपीची कटकट संपली. बिघाड आपोआप दुरुस्त, नेटवर्कवाल्याची गरज नाही. मोठ्या टेलिफोन कंपन्या हेच वापरतात. जावाबरोबर फुकट मिळतं.' (मिडलवेअर म्हणजे वेगवेगळ्या मशिनवरच्या प्रोग्रामना एकमेकांशी बोलू देणारं मधलं सॉफ्टवेअर, आणि एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांची खबर घ्यायची ठरलेली भाषा.) आमचे दाजी खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे संचालक. त्यांनी हे वाचलं, मीटिंगला विषय घेतला आणि नेटवर्क बघणाऱ्या पोराचं वार्षिक कंत्राट बंद करायचंही मनावर घेतलं. आता गप्प कसं बसायचं?

'नवीन' म्हणे! कोर्बाचे नियम ठरवणारी ओएमजी ही संस्था १९८९ ची, कोर्बाची पहिली आवृत्ती १९९१ ची. दाजींच्या लग्नाआधीची गोष्ट आहे ही.

'फुकट' तर त्याहून भारी. २०१८ मध्ये जावा या प्रोग्रामिंग भाषेची ११ वी आवृत्ती आली तेव्हा तिच्यातून कोर्बा काढूनच टाकला. जावावाल्यांचा जेईपी ३२० हा प्रस्ताव कुणीही वाचू शकतो. कोर्बावर नवीन काही बनवण्यात आता कुणाला फारसा रस नाही आणि तो सांभाळण्याचा खर्च फायद्यापेक्षा जास्त आहे, असं त्यात सरळ लिहिलंय. ज्यांनी वर्षानुवर्षं तो सोबत दिला तेच असं म्हणतात, आणि आपण तो आता बसवायला निघालोय.

टेलिफोन कंपन्यांचं मात्र खरं आहे, मान्य करतो. एसडीएच, एटीएम (पैशांचं मशीन नव्हे), डब्ल्यूडीएम अशी डेटा वाहून नेणारी वेगवेगळ्या तऱ्हेची यंत्रणा वरच्या एका सिस्टिमला जोडायची तर टीएमएफ ८१४ हा टेलिफोन उद्योगाने ठरवलेला, कोर्बावरचाच इंटरफेस होता. आयटीयू या जागतिक दूरसंचार संस्थेने २००१ मध्ये एक्स.७८० हे मानक काढलं तेही त्याचसाठी. एकीकडे सोलारिसवर (हे एक युनिक्स) सी++ मधला प्रोग्राम, दुसरीकडे विंडोजवर जावातला, तरी आयडीएल या कोर्बाच्या सामाईक भाषेत इंटरफेस लिहिला की दोघांचं जमतं. ही करामत खरीच. पण त्यांच्याकडे त्यासाठी इंजिनिअरांची फौज असते. पतसंस्थेकडे हेड ऑफिस, चार शाखा आणि एक पोरगा.

एसएनएमपीची कटकट संपत नाही. शाखेतल्या रॅकमधला स्विच, यूपीएस, प्रिंटर यांच्यात ऑर्ब (कोर्बाचे निरोप ने-आण करणारा प्रोग्राम) चालत नाही, त्यांना एसएनएमपीच कळतं, यूडीपीच्या १६१ नंबरच्या पोर्टवर. मध्ये गेटवे, म्हणजे दुभाष्या, ठेवून एमआयबीचं (यंत्राकडून एसएनएमपीने काय काय विचारता येतं त्या यादीचं) आयडीएलमध्ये रूपांतर करावं लागतं. म्हणजे कटकट आहे तिथेच, वर आणखी एक थर.

सगळ्यात घातक म्हणजे मेसेजच्या शेवटची ओळ: 'कनेक्ट होत नसेल तर फायरवॉल बंद करा.' कनेक्ट का होत नाही ते बघा. कोर्बातल्या प्रत्येक ऑब्जेक्टचा पत्ता आयओआर नावाच्या लांबलचक हेक्स (० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं) ओळीत असतो आणि त्या पत्त्यात सर्व्हरचा होस्ट आणि पोर्ट. त्या ओळीत ३१३९३२२ई३१३६३८ एवढा तुकडा दिसला की समजा आत '१९२.१६८' लिहिलंय, म्हणजे ऑफिसच्या आतला खाजगी पत्ता. निपाणी शाखेचा क्लायंट इंटरनेटवरून तो शोधत बसला तर जन्मात सापडणार नाही. राउटर बाहेरचा पत्ता बदलतो, आयओआरच्या पोटातला नाही. हा दोष फायरवॉलचा नव्हेच. ती बंद केल्यावरही आत तोच पत्ता राहतो, फक्त ठेवीदारांचा सर्व्हर जगाला उघडा पडतो. त्यात कोर्बाचे निरोप ज्यावरून जातात ते साधं आयआयओपी एन्क्रिप्टही नसतं, म्हणजे मधल्या कुणालाही वाचता येतं. शाखा जोडायच्या तर व्हीपीएन (इंटरनेटवरूनच जाणारा, पण कुलूपबंद खाजगी रस्ता) घ्या, बस्स.

'आपोआप दुरुस्त' हे तर काय बोलावं! मिडलवेअर निरोप पोचवतं. खानापूर रोडला जेसीबीने फायबर तोडली तर ऑर्ब फार तर कॉम-फेल्युअर असं एक्सेप्शन फेकेल. केबल जोडायला तो पोरगाच पावसात जाणार.

नजर ठेवायचीच असेल तर एसएनएमपीची तिसरी आवृत्ती चालू करा, 'पब्लिक' हा जुना कम्युनिटी शब्द (जुन्या एसएनएमपीचा सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्डच म्हणा) काढा आणि झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाका. दोन्ही खरोखर फुकट आहेत. आणि दाजी, मीटिंगला कोर्बा विकणारा कुणी आलाच तर त्याला शाखेतला स्विच दाखवून विचारा की, 'ह्यात ऑर्ब कुठं बसवणार, सांगा की.'