कुलूप असू दे, पण किल्ली कुणाकडं?

परवा उद्यमनगरच्या कोपऱ्यावर चहाच्या गाड्यापाशी आमची नेहमीचीच मंडळी बसली होती, आणि दाजी आले ते तापूनच. त्यांच्या गॅरेजला आठ दिवस एक गाडी उभी आहे, पावसाचं पाणी शिरून ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर गेला, दाजींनी स्क्रॅपमधल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा चांगला ईसीएम आणून लावला, कनेक्टर बसले, सगळं बसलं, पण गाडी काय चालू होईना, कारण इमोबिलायझर, म्हणजे गाडीचं चोरीविरोधी कुलूप, त्या ईसीएमला ओळखतच नाही आणि ओळख करून द्यायची तर कंपनीचं ऑनलाईन लॉगिन लागतं जे फक्त शोरूमला मिळतं. शोरूमवाले म्हणतात जुन्या पार्टची अशी ओळख करून देणं, म्हणजे कोडिंग, आम्ही करत नाही, नवीन घ्या. गाडीचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षीच फिटलाय.

पिंट्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, शनिवारी गावाकडं आला की कट्ट्यावर असतोच. तो म्हणाला, "दाजी, ते चोरीसाठी असतंय हो. कुठलाही ईसीएम लावून गाडी चालू व्हायला लागली तर चोरांचं फावलंच की."

"अरे पण मालक माझ्यासमोर आरसी घेऊन उभा आहे," दाजी म्हणाले, "चोर आरसी घेऊन गॅरेजला येतोय होय?"

मी मग पोलंडच्या रेल्वेची गोष्ट काढली, कारण ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. तिथल्या लोअर सायलेशिया भागातल्या रेल्वेकडं नेवाग कंपनीच्या इम्पल्स नावाच्या लोकल आहेत. दहा लाख किलोमीटर झाले की मोठं ओव्हरहॉल करायचं असतं, त्याचं टेंडर एसपीएस नावाच्या दुसऱ्याच वर्कशॉपला मिळालं. 2022 मध्ये त्यांनी गाडी खोलली, मॅन्युअल बघून परत जोडली, कॉम्प्युटर सांगतोय सगळं ओके, आणि मोटरला करंटच जाईना. शेवटी त्यांनी ड्रॅगन सेक्टर नावाच्या हॅकर ग्रुपमधल्या पोरांना बोलावलं, त्यांनी कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर काढून महिनोन्‌महिने वाचलं, आणि त्यात सापडलं काय तर दुसऱ्या कंपन्यांच्या वर्कशॉपचे जीपीएस पत्ते! गाडी त्या पत्त्यावर दहा दिवस थांबली की तिनं परत चालू व्हायचंच नाही. एका गाडीत तर तारीखच लिहिलेली, वर्ष 2021 किंवा पुढचं, महिना नोव्हेंबर किंवा पुढचा, तारीख 21 किंवा पुढची असली की कंप्रेसर बिघडला म्हणून दाखवायचं, कंप्रेसर ठणठणीत असला तरी. आणि हे कुलूप उघडायची युक्तीपण होती, केबिनमधली ठराविक बटणं ठराविक पद्धतीनं दाबली की गाडी सुरू, पण ती मॅन्युअलमध्ये कुठंच नाही. डिसेंबर 2023 ला त्या पोरांनी हॅम्बुर्गच्या परिषदेत हे सगळं पडद्यावर दाखवलं. नेवाग म्हणते आमचं सॉफ्टवेअर स्वच्छ आहे, ही बदनामी आहे, आणि त्यांनी उलट हॅकर्सवर आणि वर्कशॉपवरच दावे लावलेत.

काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ते एवढा वेळ गप्प होते. म्हणाले, "दापोडीला आम्ही नुसत्या चेसिसवर अख्खी बॉडी बांधायचो. इंजिन उघडायला कधी कुणाची परवानगी मागितली नाही. लोकांच्या पैशाची गाडी ती, आणि ती बंद पाडायचं बटण विकणाऱ्याच्या खिशात?"

पिंट्या हटला नाही आणि त्याचा मुद्दा मला सोडून देता येत नाही. तो म्हणाला आता एबीएस, एअरबॅग सगळं सॉफ्टवेअरवर चालतं, कुणी कोडला हात लावला आणि उद्या एअरबॅग उघडलीच नाही तर जबाबदार कोण? बरोबर आहे की. पण पोलंडच्या पोरांचं म्हणणं असं की गाड्यांमधल्या कोडची एक ओळही आम्ही बदलली नाही, फक्त वाचला आणि कुलूप उघडलं. आणि दाजींना तरी कोड कुठं पाहिजे? "मला लॉगिन द्या," ते म्हणतात, "आरसी बघा, माझं नाव, गॅरेजचं लायसन्स लिहून घ्या, फी घ्या, पण द्या."

मग पिंट्यानं लायसन्सचं काढलं, की सॉफ्टवेअर आपल्या मालकीचं नसतंच, फक्त वापरायला मिळतं. यावर वकीलताई बोलल्या. अमेरिकेत 1998 चा कॉपीराइट कायदा एवढा कडक की ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरचं कुलूप दुरुस्तीसाठी उघडायलासुद्धा 2015 मध्ये खास सूट द्यावी लागली, आपल्याकडं कॉपीराइट कायद्यात 2012 ला जे 65अ कलम आलं ते मात्र कॉपीराइटचा भंग करायच्या हेतूनं कुलूप तोडणाऱ्यासाठी आहे. आणि 2014 ला तर स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून 2544 कोटींचा दंड ठोकला होता, स्पेअर पार्ट आणि डायग्नोस्टिक टूल बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत म्हणून.

"मग मला का मिळेना?" दाजी.

प्रकरण पुढं अपिलात गेलं, ताई म्हणाल्या. केंद्रानं 2022 ला राइट टू रिपेअर म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात वाहनंपण आहेत, पण किल्ली द्यायलाच पाहिजे असा कायदा अजून नाही.

माझं म्हणणं मी तिथंच सांगितलं आणि इथंही सांगतो. कुलूप असण्याला माझी हरकत नाही, घराला आपणही लावतोच, पण घर विकल्यावर बिल्डर किल्ली स्वतःकडं ठेवत नाही. कुठला पार्ट कोडिंगशिवाय चालणार नाही, ते कोडिंग कोण करून देणार, कितीला आणि किती वर्षं, हे गाडी घेतानाच बिलावर लिहून द्या, म्हणजे पसंत नसेल तर माणूस दुसरी गाडी बघेल. पैसे भरून झाल्यावर, गाडी बंद पडल्यावर मालकाला ते कळणं ही फसवणूक आहे, मग त्याला सेफ्टी म्हणा नाहीतर काही म्हणा. पिंट्याला बिलावर लिहायचं पटलं, लॉगिन बाहेर द्यायचं नाही पटलं, एअरबॅगवरून तो शेवटपर्यंत हलला नाही.

नऊ वाजले तसे दाजी उठले. तो चांगला ईसीएम त्यांनी खोलून परत पिशवीत बांधून ठेवलाय, आणि गाडी सोमवारी टोइंगनं शोरूमला जाणार आहे.