गोळ्या नका मोजू, मिलिग्रॅम मोजा

पावसाळी तापात घरोघरी काय चालतं ते बघा. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉलची ६५० ची गोळी, दिवसातून चार वेळा. नाक गळतंय म्हणून सर्दीची गोळी, तीन वेळा. अंग ठणकतंय म्हणून मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेली अंगदुखीची गोळी, सकाळ-संध्याकाळ. आता बेरीज करा. ६५० चोक २६००. सर्दीच्या अनेक गोळ्यांत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, त्याचे १५००. अंगदुखीच्या गोळीत अ‍ॅसिक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या जोडीला पॅरासिटामॉल ३२५, दोन वेळचे ६५०. एकूण ४७५०. धडधाकट मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. पंचेचाळीस किलोच्या बाईला तर ती मर्यादाही जास्तच होते.

पॅरासिटामॉल वाईट औषध नाही. उलट, प्रमाणात घेतलं तर ताप आणि दुखण्यासाठी तेच सगळ्यात सुरक्षित. यकृत त्याचा बराचसा भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे काढून टाकतं. थोड्या भागाचा मात्र एक विषारी पदार्थ बनतो, आणि यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं संरक्षक द्रव्य त्याला तिथल्या तिथे निकामी करतं. गोळ्या वाढल्या की विष वाढतं, ग्लुटाथायोन संपतं, आणि मग यकृताच्या पेशी मरायला लागतात.

ग्लुटाथायोनचा साठा अन्नातून भरला जातो. तापात तीन दिवस पेजेपलीकडे काही पोटात गेलेलं नाही, उलट्या चालू आहेत, किंवा ताप असूनही नवरात्राचा कडक उपास सोडलेला नाही, अशा माणसाचा साठा आधीच तळाला गेलेला असतो. रोज दारू पिणाऱ्याचं दुहेरी नुकसान: साठा कमी आणि विष बनवणारी यंत्रणा जास्त जोरात. टीबीच्या उपचारातल्या आयसोनियाझिडनेही ती यंत्रणा चेवते, शिवाय ते औषध स्वतःच यकृताला जड. या सगळ्यांनी दिवसाला २००० च्या पुढे जाऊ नये, आणि टीबीच्या पेशंटने तर आधी डॉक्टरांना विचारावं.

माझा खरा राग कॉम्बिनेशन गोळ्यांवर, म्हणजे एकाच गोळीत अनेक औषधं घातलेल्या गोळ्यांवर आहे. पाकिटावर ठळक असतं ते ब्रँडचं नाव. घटक असतात मागे, बारीक इंग्रजीत. जास्त डोसने यकृताला गंभीर इजा होऊ शकते हा इशाराही तिथेच कुठेतरी, भिंग घेऊन वाचावा असा. पट्टी कापून चार गोळ्या दिल्या की तेही अर्धवट उरतं. आणि दवाखान्यातून मिळणारी कागदाची पुडी? पांढरी, पिवळी, गुलाबी, नाव कशावरच नाही. 'यात पॅरासिटामॉल किती?' हे तिथेच विचारा आणि पुडीवर लिहून घ्या. डॉक्टर वैतागले तरी चालेल.

डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन ही वेदनाशामकं नकोच, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलच घ्यायचं, पण डेंग्यूत यकृत आधीच सुजलेलं असू शकतं, म्हणून दोन डोसांत सहा तास ठेवा. गोळीचा परिणाम दिसायला पाऊण-एक तास लागतो आणि ताप पूर्ण नॉर्मलला यायलाच हवा असं नाही. दोन तासांत दुसरी गोळी देण्याऐवजी कोमट पाण्याने अंग पुसा.

लहान मुलांच्या बाबतीत चूक बाटलीत होते. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. डीएस, म्हणजे दुप्पट ताकदीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २४० किंवा २५०. सिरप संपलं म्हणून थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिलं तर एका दमात ५०० गेलं. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० पुरतं. वजन गुणिले १० ते १५, आणि मोजायला बाटलीसोबतचंच माप. निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं दुसरं औषध तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे. स्पेन आणि फिनलंडने ते यकृताच्या तक्रारींवरून २००२ मध्येच बाजारातून काढलं. आपल्याकडे मोठ्यांसाठी अजून सर्रास खपतं, आणि मला ते अजिबात पटत नाही.

सगळ्यात उलटा समज सिरॉसिसच्या (यकृत आक्रसून कडक होण्याच्या आजाराच्या) घरात दिसतो. 'पॅरासिटामॉलने लिव्हर जातं' म्हणून पेशंटला डायक्लोफिनॅक देतात. सिरॉसिसमध्ये ही गोळी किडनी बंद पाडू शकते, पोटातलं पाणी वाढवते आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ शकतो. अशा पेशंटला डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉलच, दिवसाला २००० पर्यंत, बरं.

गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने डायक्लोफिनॅक चालू असेल तर सुरू केल्यापासून ४ ते ८ आठवड्यांत एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करा. याची इजा डोसच्या हिशोबाने येत नाही, कुणाला होईल सांगता येत नाही. आधी जेल वापरून बघा, ते रक्तात फारच थोडं उतरतं. आणि गोळ्या घेता घेता 'लिव्हर टॉनिक' सुरू करून निर्धास्त होऊ नका, त्याने वाढीव डोस माफ होत नाही.

डोस खरोखरच जास्त गेला असेल तर पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी तर बरंही वाटतं. कावीळ दिसते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तोवर उशीर झालेला असतो. उतारा आहे: एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं. नंतरही उपयोग होतो, पण कमी. म्हणून लक्षणांची वाट बघू नका, मिठाचं पाणी पाजून उलट्या काढू नका. रिकामी पाकिटं पिशवीत घाला, पहिली गोळी किती वाजता घेतली ते लिहा आणि रक्ततपासणीची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.