बेलफास्टच्या भिंती आणि शिंदे पेंटर

अव्या आयर्लंडहून आल्यापासून ‘आपण’ म्हणायला लागलाय. ‘आपला फॉल्स रोड’, ‘आपला बॉबी’. कंपनीच्या खर्चानं डब्लिनला गेला, सुट्टीच्या दिवशी बेलफास्टात काळ्या टॅक्सीतून राजकीय चित्रं रंगवलेल्या भिंती बघितल्या आणि परतला तो थेट तुरुंगातून सुटल्यासारखा.

“66 दिवस!” दुसरा वडापाव संपवत तो म्हणाला. “ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेचा बॉबी सँड्स, तुरुंगात 66 दिवस उपाशी राहून गेला. पाठोपाठ आणखी 9 जण. त्या 1981 सालीच पोरांनी भिंती हातात घेतल्या.”

“आणि बुरखे घातलेले बंदूकवाले रंगवले,” कुलकर्णीकाका म्हणाले. “आयआरएच्या बाँबनी साधी माणसं मेली, ती नाही दिसत कुठं भिंतीवर. चुना मारा सगळ्याला! सरकारनं पैसेही दिले होते म्हणे.”

“दिले की, 2006 पासून,” वैशाली म्हणाली. “बंदुका पुसा, फुटबॉलपटू काढा.”

शिंदे पेंटर इतका वेळ गप्प होता. “काका, चित्र घालवायला चुना कशाला? तिथं पाऊस किती पडतो बघा. इतकी वर्षं रंग ताजा दिसतो, म्हणजे कोणीतरी दर थोड्या वर्षांनी शिडी लावून वर चढतंय. ज्या दिवशी वस्तीला कंटाळा येईल, त्या दिवशी पोपडे धरतील.”

“तुझे कसे धरले आमच्या कंपाउंडवर,” काका म्हणाले.

“अर्ध्या पैशात अर्धाच रंग टिकतो.”

सोसायटीच्या भिंतीवर ‘जाहिराती लावू नयेत’ रंगवल्याचे निम्मे पैसे काकांनी सेक्रेटरी असताना अडकवले होते. हे प्रकरण दर चर्चेत एकदा निघतंच. निघालं, गाजलं, चहा आला.

“पण आपला काय संबंध या आयरिश लोकांशी?” काकांनी विषय बदलला.

“1916 साली टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली, ते होमरूल कुठून आणलं?” वैशालीनं विचारलं. “1929 मध्ये जतीन दास तुरुंगात 63 दिवसांच्या उपोषणानं गेले, तेव्हा आयरिश पुढारी मॅकस्विनीच्या घरच्यांनी तार केली होती. त्यांचा माणूसही तसाच गेला होता, 1920 साली.”

टिळकांचं नाव निघाल्यावर काकांना विरोध करता येत नाही. ते चहात बघत बसले.

मग वैशालीनं उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या एका भिंतीवरच्या चित्राचं सांगितलं. 1971 मध्ये गोळी लागून मेलेली 14 वर्षांची शाळकरी मुलगी, शेजारी बंदूक, वर बिनरंगाचं फुलपाखरू. शांतता पक्की होईपर्यंत चित्रकारांनी ते मुद्दाम अपुरं ठेवलं. 2006 मध्ये तेच पुन्हा चढले, बंदूक मोडलेली दाखवली आणि फुलपाखरात रंग भरला.

“कुणी सांगितलं नसताना?” शिंदेनं विचारलं.

“नसताना.”

“मग ती माणसं पेंटर.” हे शिंदे सहसा कुणाला म्हणत नाही. मला तर त्यानं ‘ब्रश धुवायच्या लायकीचा’ इतकंच प्रमाणपत्र दिलंय.

“तिथंच 1969 ची ती भिंत!” अव्या पुन्हा पेटला. “‘आता तुम्ही मुक्त डेरीत प्रवेश करत आहात.’ मागचं घर पाडलं, पण भिंत ठेवली!”

“म्हणजे राहायला कुणी नाही, नुसता बोर्ड,” शिंदे म्हणाला. “आणि टॅक्सीवाल्यानं किती घेतले तुझ्याकडून?”

अव्यानं उत्तराऐवजी मोबाइल पुढं केला. त्याचा नवा डीपी. मूठ वर, छाती पुढं, मागं भिंतीवर पांढऱ्या घोड्यावर एक राजा.

वैशालीनं फोटो मोठा केला. “अव्या, हा विल्यम राजा आहे. 1690, बॉइनची लढाई. ही भिंत फॉल्स रोडच्या आयरिश राष्ट्रवाद्यांची नाही, पलीकडच्या ब्रिटननिष्ठांची आहे. हे तुझ्या बॉबीचे शत्रू!”

टपरीवाल्याच्या हातून गाळणं पडलं. काका डोळे पुसत म्हणाले, “हे चित्र मात्र राहू दे हो, याला चुना नको.”

शिंदेनं मोबाइल घेतला, चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ निरखलं.

“घोड्याचा मागचा पाय चुकलाय.”