नॉद्य इम्रे, पण कोणते?

हंगेरीत आडनाव आधी आणि नाव मागून, आपल्या शाळेतल्या जनरल रजिस्टरसारखं. फरक एवढाच की मागे वडिलांचं नाव नसतं. आडनावं ओळखीची वाटावीत अशी आहेत: नॉद्य म्हणजे मोठा, कोवाच म्हणजे लोहार, साबो म्हणजे शिंपी. त्यांना इम्रे, लासलो, इश्तवान ही मोजकी नावं जोडली की नामसाधर्म्याचा घोळ ठरलेलाच.

नॉद्य इम्रे म्हणजे सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या १९५६ च्या उठावातले हंगेरीचे पंतप्रधान. त्यांना १६ जून १९५८ रोजी फाशी दिलं आणि १९८९ मध्ये त्याच तारखेला सन्मानाने पुन्हा दफन केलं. पण १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथ्लॉनच्या सांघिक सुवर्णाचे आणि वैयक्तिक रौप्याचे मानकरीही नॉद्य इम्रेच. म्हणजे जे नाव फाशी देऊन पुसायचं होतं, तेच दोन वर्षांत पदकविजेत्यांच्या यादीत छापावं लागलं! ट्रान्सिल्व्हेनियात याच नावाचे चित्रकारही होऊन गेले (१८९३–१९७६).

कोवाच लासलोंचंही तसंच. एक 'इझी रायडर' या चित्रपटाचे छायाचित्रकार, दुसरे १९९४ ते ९८ या काळात परराष्ट्रमंत्री आणि पुढे युरोपीय आयोगात करविषयक आयुक्त. पुश्काश फेरेन्त्स म्हटलं की १९५३ साली वेंब्लीवर इंग्लंडला ६-३ ने लोळवणारा कर्णधार आठवतो, पण १८८१ मध्ये बुडापेस्टचं पहिलं टेलिफोन एक्स्चेंज उभं करणारेही पुश्काश फेरेन्त्सच. दोघांचं नातं नाही. फुटबॉलपटूच्या घरचं मूळ आडनाव पुर्त्सेल्द होतं, ते त्याच्या लहानपणी बदललं.

जुन्या यादीत माणूस शोधायचा तर जन्मसाल आधी पाहावं. आडनाव आणि नावाच्या मध्ये एखादं अक्षर असेल तर ते सोडू नये. भाषाशास्त्रज्ञ साबो टी. ऑत्तिला यांच्या नावातला 'टी' त्यांना बाकीच्या साबोंपासून वेगळं काढतो. आणि साबो (Szabó) 'एस'च्या पानांवर सापडत नाही. 'एसझेड' हे तिथलं स्वतंत्र अक्षर, सगळे 'एस' संपल्यावर येतं.

सरकारी कामात मात्र गुंता सोडवते ती आई. ओळखपत्राच्या मागच्या बाजूला आईचं जन्मनाव, म्हणजे माहेरच्या आडनावासकट, छापलेलं असतं. यात स्त्रीसन्मान वगैरे शोधायला जाऊ नये. जुन्या रीतीने लग्न झालेली बाई 'नॉद्य इम्रेने' व्हायची, म्हणजे नॉद्य इम्रेची बायको. तिचं स्वतःचं नाव पार गायब. जन्मनाव नोंदवलं नाही तर ती सापडणार कशी?

आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव स्वतःचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचा निर्णय झाला. त्यावरचा वाद मानापमानाच्या अंगानेच रंगला. निर्णय चांगलाच आहे. पण ओळख पटवायला नुसतं 'सुनीता' किती उपयोगी? पाटलांच्या गावात सुनीता पाटीलही चार निघतील. तिचं माहेरचं आडनाव स्वतंत्र रकान्यात हवं होतं, नावाच्या ओळीत एक शब्द वाढवून काम भागत नाही. नुसत्या मधल्या नावाचा भरवसा किती, ते २०१४ मध्ये रायगडने पाहिलंय: सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाने साडेनऊ हजारांहून जास्त मतं घेतली. वडिलांचं नाव वेगळं होतं, पण मतदानयंत्रासमोर ते वाचतं कोण? पुढच्याच वर्षी मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो आले.

हंगेरीत राहायला जाणाऱ्या मराठी माणसाची अडचण इथेच होते. फॉर्मवर 'आईचं नाव' म्हणजे जन्मनाव, आणि आपल्या जन्मदाखल्यावर असतं ते बहुधा सासरचं. एका फॉर्मवर एक, दुसऱ्यावर दुसरं लिहिलं की नोंदी जुळत नाहीत. आईचा शाळा सोडल्याचा दाखला काढून त्यावरचं स्पेलिंग पहिल्या अर्जापासून तेच ठेवावं.