गोटे गडगडतात तेव्हा

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत साचणाऱ्या गाळावर एक लेख वाचला; त्यात गाळाचं सगळं खापर वृक्षतोडीवर फोडलंय. अर्धंच खरं आहे ते. आमच्या घरामागचा पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, मे महिन्यात कोरडा ठणठणीत. पण जुलैत एखाद्या रात्री घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की पाण्याखालून गोटे गडगडतात, झोप लागत नाही. गोट्यांची नि मातीची वर्षभराची बहुतेक वाहतूक त्या चार-दोन रात्रींतच उरकते. सह्याद्रीचा उतार पायथ्याशी एकदम मोडतो, जड गोटे तिथेच बसतात. बारीक माती गढूळ पाण्याबरोबर चिपळूणपर्यंत जाते. समोरून खाडीची भरती आली की पाणी थबकतं, गाळ खाली बसतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर घराघरांतून उपसला तो चिखल असाच आलेला. आणि उपसलेल्या गाळाचे ढीग काठावरच ठेवले, तर पुढच्या पावसात ते परत पात्रातच ना?