याजकाने येऊन भिंत पाहावी

आमच्या हॉलच्या भिंतीवर सध्या पेन्सिलने काढलेलं एक वेडंवाकडं वर्तुळ आहे आणि ते आमच्या पोरीने काढलेलं नाही. ते काढलंय एका रिटायर्ड, चष्मेवाल्या, चारचौघांत मान असलेल्या गृहस्थाने, शनिवारी संध्याकाळी, माझ्या घरात माझा चहा पिऊन. पेन्सिल मात्र पोरीची होती. तीही नेली खिशात घालून.

आधी आम्ही कशासाठी जमलो होतो ते सांगून टाकतो. आम्ही दहा-बारा जण दर शनिवारी कोणाच्या तरी घरी बसून तोरा वाचतो. सगळे मराठी ख्रिस्ती घरातलेच, पण आमचं म्हणणं असं की येशू यहूदी होता, शाब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात जाऊन वाचत होता, मग तो जे वाचत होता ते आपण का सोडायचं. म्हणून आम्ही त्याला येशुआ म्हणतो आणि मोशेची पाच पुस्तकं 54 भाग पाडून वर्षभरात वाचून काढतो, त्या भागाला पराशा म्हणतात. त्याला जोडून संदेष्ट्यांमधला एक उतारा, तो हाफतारा, आणि मग नव्या करारातलं काहीतरी. नातेवाईकांना यातलं काही पटत नाही. माझी एक मावशी दर ईस्टरला भर जेवणात विचारते, "काय रे, आता यहूदीच होणार का तुम्ही?" आणि मटण वाढते. मटण चालतं म्हणून वाढते, कोळंबी मुद्दाम समोर ठेवून झाकण उघडं टाकते. मोशेच्या तिसऱ्या पुस्तकात, लेवीय 11 मध्ये, पंख आणि खवले नसलेलं पाण्यातलं काही खायचं नाही असं आहे, त्यामुळे बांगडा पास आणि कोळंबी नापास. माझी बायको रत्नागिरीची आहे. यावर मी जास्त बोलत नाही, आमच्या घरात हा विषय संपलेला नाही.

तर पाळीपाळीने ज्याच्या घरी बैठक त्यानेच शिकवायचं, आणि आमचं नशीब असं की आमची पाळी नेमकी तज़रिया-मेत्सोराला, म्हणजे लेवीयमधल्या चट्ट्यांच्या अध्यायांना आली. लोकांना उत्पत्ती मिळते, योसेफ आणि त्याचे भाऊ मिळतात, तांबडा समुद्र दुभंगतो, मला काय, तर गळू, खवंदं, पांढरे केस, चट्टे आणि स्राव. त्यातही हे दोन वेगळे पराशा आहेत बरं का. यहूदी कॅलेंडरमध्ये आपल्या अधिक महिन्यासारखा तेरावा महिना लागतो, 19 वर्षांत 7 वेळा, त्या वर्षी हे दोन भाग सुटे वाचतात. यंदा लागला नाही. म्हणून जोडून, एका दमात, डबल.

तयारी मी मनापासून केली होती. जुन्या मराठी बायबलमध्ये सगळीकडे महारोग लिहिलंय, पण तो आपण म्हणतो तो महारोग नाही, कारण तो कपड्यालाही होतो आणि घराच्या भिंतीलाही होतो, हा माझा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा ते दोन पक्षी, एकाला झऱ्याच्या पाण्यावर मातीच्या भांड्यात मारायचं आणि दुसऱ्याला गंधसरू, किरमिजी दोरा आणि एजोब नावाच्या झुडपाच्या फांदीसकट त्या रक्तात बुडवून उघड्या रानात जिवंत सोडून द्यायचं, एक मेला म्हणून दुसरा उडाला, यात आम्हाला मशीहा दिसतो. तिसरा मुद्दा मत्तय 8, येशुआ अशाच एका रोग्याला बरं करतो आणि वर सांगतो की जाऊन याजकाला दाखव, मोशेने सांगितलेलं अर्पण कर. म्हणजे नियमशास्त्र रद्द वगैरे काही नाही. हे मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि मला 'मेत्सोरा' हा एक शब्द तीनदा अडखळल्याशिवाय म्हणता येत नव्हता, तरी म्हटला.

पक्ष्यांपर्यंत पोचलोच नाही.

झालं असं की आमच्या हॉलच्या भिंतीला ओल आहे. सोफ्याच्या मागे, साधारण परातीएवढा चट्टा, कडेला हिरवट, मधे विटकरी, रंगाचे पापुद्रे सुटलेले. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं पाणी झिरपतं, हे आख्ख्या बिल्डिंगला माहितीये, वरच्यांना सोडून. मी बैठकीआधी सोफा बरोब्बर त्याच्यापुढे सरकवला होता आणि वर कॅलेंडर लावलं होतं. आणि मी मोठ्याने वाचत होतो, लेवीय 14, घराच्या भिंतीत हिरवट किंवा तांबूस चट्टे असतील आणि ते भिंतीच्या पृष्ठभागापेक्षा खोल दिसत असतील तर, आणि सोफ्यावर बसलेले काका हळूच मागे वळले आणि त्यांनी एका बोटाने कॅलेंडर उचललं.

"हिरवट," काका म्हणाले.

मी वाचत राहिलो.

"आणि तांबूस पण आहे रे." मग बोट घातलं. पापुद्रा खाली पडला. "खोल आहे!"

या काकांबद्दल काय सांगू. सरकारी नोकरीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले, त्यामुळे दिसलेल्या गोष्टीची पाहणी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पासोव्हरच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या आधी घरातलं खमीर काढून टाकायचं असतं, ते शोधायला आमच्याकडे टॉर्च घेऊन फिरले होते आणि फ्रीजच्या खाली 2 वर्षांपूर्वीचं खारी बिस्कीट काढून सगळ्यांना दाखवलं होतं. माणूस वाईट नाही. आजारपणात सगळ्यात आधी दारात हाच माणूस उभा राहतो, डबा घेऊन. पण डब्याबरोबर सूचना पण आणतो.

"काका, ती ओल आहे," मी म्हणालो, "वरून लीकेज आहे."

"असं म्हणायचं नाही," काका म्हणाले. "काय वाचलंस आत्ता? घरमालकाने याजकाला जाऊन सांगायचं, मला घरात चट्ट्यासारखं काहीतरी दिसतंय. चट्ट्यासारखं! मिश्नामध्ये, यहूदी गुरूंच्या जुन्या नियमसंग्रहात दिलंय, मोठा विद्वान असला आणि नक्की माहीत असलं तरी त्याने चट्टा आहे असं ठाम म्हणायचं नाही. ठरवणार याजक. तू कसं ठरवलंस लीकेज?"

मी 8 महिन्यांत सोसायटीला 4 अर्ज दिलेत. चारही अर्जांत ठाम लिहिलंय की लीकेज आहे. कदाचित तिथेच चुकलं असेल, लीकेजसारखं काहीतरी दिसतंय असं लिहायला हवं होतं. सेक्रेटरी म्हणतात वरच्यांशी बोला, वरचे म्हणतात पाईप कॉमन आहे सोसायटीशी बोला, आमचा घरमालक नाशिकला असतो तो म्हणतो पावसाळा जाऊ दे. मी म्हटलं आत्ता एप्रिल चालू आहे. तो म्हणाला मग येऊ दे.

आणि खरं सांगू का, हे सगळं त्या जुन्या पुस्तकात जास्त नीट आहे. याजक स्वतः येतो, 7 दिवस घर बंद ठेवतो, सातव्या दिवशी परत येतो, पसरलं असेल तर खराब दगड काढून गावाबाहेर टाकायला लावतो, आतून सगळीकडे खरवडायला लावतो, नवे दगड, नवा गिलावा, आणि तरी परत आलं तर घरच पाडा. कुठला वॉटरप्रूफिंगवाला दोनदा येतो हो? आमच्याकडे एक आला होता, भिंतीवर बुक्की मारून पाहिली, चुक चुक केलं, 38 हजार म्हणाला आणि गेला. मिश्नामध्ये तर सामायिक भिंतीचाही हिशोब आहे, दुष्टाचं वाईट होतं आणि त्याच्या शेजाऱ्याचंही होतं, म्हणून दगड दोघांनी काढायचे, खरवडायचं दोघांनी, नवे दगडही दोघांनी आणायचे, गिलाव्याची माती तेवढी ज्याचं घर त्याने एकट्याने. हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे. वरचे ऐकणार नाहीत, पण मिनिट्समध्ये तरी येईल.

इकडे काकांनी बैठक ताब्यात घेतली होती. "घरातलं सामान बाहेर काढायचं असतं, याजक यायच्या आधी," ते म्हणाले, "नाहीतर सगळंच अशुद्ध." आणि चार तरुण पोरं, ज्यांना खुर्च्या उचलायला सांगितलं तर पाठ दुखते, ती टुणकन उठली आणि सोफा उचलला.

इथे मला एक कबूल करावं लागेल. तयारी करताना मी एक मिद्राश, म्हणजे यहूदी गुरूंनी शास्त्रावर केलेलं एक विवेचन, वाचला होता आणि तो मुद्दामच नोट्समध्ये घेतला नव्हता. त्यात असं आहे की एखादा माणूस शेजाऱ्याकडे गहू उसने मागतो, तो म्हणतो माझ्याकडे नाहीत, बाई चाळण मागते, शेजारीण म्हणते माझ्याकडे नाही, मग देव त्या घराला चट्टा पाडतो, आणि याजकासाठी सगळं सामान अंगणात काढलं की लोक बघतात, अरेच्चा, गहू तर होते की, चाळण तर होती की. गुरूंनी घराच्या चट्ट्याचं एक कारण कंजूसपणा दिलंय. हे मी का वगळलं? कारण जानेवारीत काकांनी माझ्याकडे ड्रिल मशीन मागितलं होतं आणि मी म्हणालो होतो, नाही हो काका, माझ्याकडे कुठलं.

ड्रिल सोफ्याच्या मागे होतं. पिवळ्या डब्यात. बिट्सच्या सेटसकट.

कोणी काही बोललं नाही. बायकोने चहाचे कप गोळा करायला घेतले, भरलेलेसुद्धा. काकांनी डबा उचलला, उघडला, ड्रिलचं तोंड फिरवून पाहिलं. "चांगलं आहे," म्हणाले. "नवीन घेतलंस?"

आता माझंही ऐका. मी का नाही म्हणालो? मागच्या वर्षी माझी शिडी नेली, ती दोन पायऱ्या कमी होऊन परत आली. मिक्सरचं भांडं गेलं ते गेलंच. आणि शाब्बाथचा हा सगळा वर्ग, प्रत्येकाला काहीतरी हवंच असतं आणि परत द्यायची वेळ आली की सगळे नियमाखाली नाहीत, अनुग्रहाखाली! पण हे त्या क्षणी सुचलं नाही. त्या क्षणी मी काय बोललो, तर मी म्हणालो, "काका, शास्त्रात ज्याचं घर आहे त्याने जायचं असं लिहिलंय. हे घर भाड्याचं आहे. कंजूसपणा असलाच तर मालकाचा."

मला वाटलं जिंकलो. मागून एक जण "बरोबर आहे" असंही म्हणाला.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "घर मालकाचं," ते म्हणाले. "ड्रिल कोणाचं?"

मग पेन्सिल मागवली. चट्ट्याच्या कडेने रेघ मारायला लागले, पुढच्या शनिवारी पसरला का ते कळावं म्हणून. मी शेवटचा प्रयत्न केला, म्हटलं काका शाब्बाथ आहे, लिहिणं हे काम आहे. ते हात न थांबवता म्हणाले, "दोन अक्षरं लिहिली तर काम. मी एकही लिहिलेलं नाही." कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे तिथल्या यहूदी लोकांना शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी शनवार तेली म्हणायचे, इतक्या साध्या गोष्टीने ओळखले जायचे ते. आमच्या काकांची ओळख काय सांगायची, शनवार सुपरवायझर.

दोन पक्षीही राहिले, मत्तयही राहिला. प्रार्थनेत काकांनी माझ्या भिंतीसाठी वेगळी विनंती केली, नाव घेऊन, आणि जाताना ड्रिल घेऊन गेले.

काल सातवा दिवस होता. बैठक दुसऱ्यांच्या घरी होती, तरी काका आधी आमच्याकडे आले, चप्पल न काढता आत, सरळ भिंतीपाशी. रेघेच्या बाहेर दोन बोटं ओल आली होती.

"पसरलाय," म्हणाले. "आता दगड काढायला लागतील."

मी म्हटलं, "काढू. ड्रिल आणलंत का?"

"कुठलं ड्रिल?" काका म्हणाले, आणि मग एकदम, "हां, ते. ते जावयाने नेलंय."