केडी ५ म्हणजे प्रो, हे कोणी सांगितलं बे?

बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकीचा गेम, अन् केडी म्हणजे त्यात कोण किती मारतो त्याचा आकडा. त्यावर हप्ताभरापासून एक मेसेज ग्रुपाग्रुपात फिरून राहिला: "बीजीएमआयमध्ये केडी ५ च्या वर गेली की टीमवाले डायरेक्ट घेतात, २ च्या खाली तो नूब (कच्चा खेळाडू). पिंगबिंग (नेट हळू असणं) बहाणे आहेत. केडी वाढवून पाहिजे तर दीड हजार अन् आयडी-पासवर्ड पाठवा." मी सोडूनही दिलं असतं, पण परवा आर्वीहून भाच्याचा फोन, "मामा, दीड हजार टाकता का, बाबाले सांगू नका." भाव नाही म्हणून सोयाबीन घरात पडून आहे अन् पोरगं एका आकड्यासाठी पैसे मागून राहिलं!

आधी या पैशाचंच पाहू. तो माणूस केडी वाढवणार कशी? एक तर खालच्या रँकमध्ये बॉट (गेमनं चालवलेले खोटे खेळाडू) मारून, नाहीतर हॅक, म्हणजे फसवणुकीचं सॉफ्टवेअर, लावून. हॅक सापडला तर बॅन तुमची आयडी होते, त्याची नाही. अन् पासवर्ड दिला म्हणजे घराची चावीच दिली, उद्या त्यानं तुम्हालाच बाहेर काढलं तर कोणाकडे जाल?

केडी म्हणजे ढोबळमानानं दर मॅचमागे किती मारले. २० मॅचमध्ये १०० मारले, झाली ५. ते १०० बॉट होते का माणसं, हे त्यात दिसतच नाही.

दिवाळीत भाच्याच्या बाजूला बसून मी त्याची मॅच पाहिली. पोचिंकी या गेममधल्या गावात हा नॉक झाला, म्हणजे गोळी लागून खाली पडला, भिंतीमागं रांगून राहिला. त्याचा दोस्त, ज्याले सगळे नूब म्हणतात, त्यानं दोन स्मोक टाकले, गोळ्या सुरू असताना धुरातून धावत आला अन् याले उठवलं. शेवटी चिकन डिनर, म्हणजे मॅच जिंकली. रिझल्टमध्ये त्या दोस्ताचे फिनिश (मारलेले) ०. मेसेजवाल्याच्या हिशोबानं तो पोरगा बेकार!

अन् टीम घेतात म्हणे केडी पाहून. बीजीआयएस या गेमच्या मोठ्या स्पर्धेचं पॉइंट टेबल उघडून पाहा ना, मॅच जिंकली की १०, दर फिनिशला १. ४ फिनिश करून जिंकलेली टीम १४ वर, ९ फिनिश करून शेवटच्या नंबरावर गेलेली टीम ९ वर. केडीचा रकानाच नाही तिथं.

पिंगचं तर बोलूच नका, आमच्याकडे गच्चीवर चढल्याशिवाय रेंज नाही, गोळी आधी झाडूनही आपणच मरतो.

हां, एक मानतो. त्याच रँकमध्ये, त्याच मोडमध्ये दोनशेक मॅच खेळून केडी १ वरून २ झाली तर नेम सुधारला, तेवढं ती सांगते.

भाच्यानं पैसे दिले नव्हते, पासवर्ड मात्र देऊन बसला होता. रात्री साडेअकरापर्यंत फोनवर बसून बदलून घेतला. तुमच्या घरी कोणी दिला असेल तर आजच विचारा.